पोथी, पुस्तक आणि पडदा

(लोटे, ता. खेड, जि. रत्नागिरी येथे वाचकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या वेळी दिसणारे दृश्य येथील प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. ज्वालाग्राही द्रावके हाताळणाऱ्या रासायनिक कारखान्यात साधा मोबाईल यंत्रांपाशी नेता येत नाही; एवढ्याशा ठिणगीचे निमित्तही तेथे पुरते. कामगार आपला मोबाईल कपाटात ठेवून आत जातो आणि आठ तासांनी बाहेर आला, की त्याचा हात प्रथम त्या मोबाईलकडे वळतो. आत असताना त्याला वाचावे लागते ते बहुधा कागदावरचे असते. बॅचची नोंदपत्रिका, लॉगबुक, यंत्राशेजारी लावलेली सूचना हे सारे तो सावकाश, आकड्याखाली बोट धरून वाचतो. कारण तापमानाचा एक आकडा चुकला, तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. बाहेर आल्यावर तो वाचतो ते पडद्यावरचे, आणि अंगठ्याच्या गतीने. डोळे तेच, अक्षरेही तीच देवनागरी. वाचनाची रीत मात्र पार पालटलेली असते.

एकाच माणसाच्या एका दिवसात या दोन्ही रीती नांदू शकतात, ही समाधानाची गोष्ट आहे. चिंता वेगळीच आहे. घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलाला यांपैकी दुसरीच रीत ठाऊक असेल, आणि पहिली त्याला कोणी शिकवलीच नसेल, तर पुढे काय होईल? छापील पुस्तक श्रेष्ठ की इलेक्ट्रॉनिक उपकरण, हा वाद गेली काही वर्षे हौसेने घातला जातो. त्या वादाचे खरे मोल या मुलाच्या संदर्भातच तपासले पाहिजे.

शोधणे आणि वाचणे

या वसाहतीच्या नावात लोट्याबरोबर परशुरामचे नाव जोडलेले आहे. त्याच परशुराम-पेढे परिसरात ७ मे १८८० रोजी महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण दापोलीत झाले. पुढे मुंबईत वकिली सांभाळून त्यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा महाग्रंथ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने त्याचा पहिला खंड १९३० साली आणि अखेरचा १९६२ साली प्रसिद्ध केला. पाच खंड आणि साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे! १९६३ साली त्यांना ‘भारतरत्न’ देऊन राष्ट्राने या तपश्चर्येचा गौरव केला.

आज या ग्रंथाची सर्व पाने मोबाईलवर पाहता येतात. लोट्यातील एखाद्या विद्यार्थ्याला त्यातील एखादा विषय हवा असेल, तर मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयात खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. ही सोय सामान्य नव्हे. काण्यांना एक संदर्भ पडताळण्यासाठी जेवढा वेळ लागला असेल, तेवढ्या वेळात आजचा अभ्यासक पन्नास संदर्भ पडद्यावर आणू शकतो. परंतु त्या बत्तीस वर्षांच्या कामामागे शोधयंत्र नव्हते. शेकडो ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत वाचायचे, एका स्मृतीतील वचनाचा दुसऱ्या निबंधग्रंथातील विवेचनाशी असलेला संबंध मनात धरून ठेवायचा आणि वर्षानुवर्षांनी तो योग्य जागी मांडायचा, या शक्तीवर ते काम उभे राहिले. पडद्याने काण्यांचा ग्रंथ प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवला आहे. काणे ज्या वाचनातून घडले, ते वाचन मात्र पडद्याबरोबर आपोआप खिशात येत नाही.

नव्या साधनाचे भय जुनेच

ज्ञानसाधन बदलले, की समाज बिचकतो. यात नवे काही नाही. वेद मुखोद्गत करणाऱ्या परंपरेला लिखित पोथी दुय्यम वाटली. पोथीवर वाढलेल्या समाजाला छापखाना अपवित्र वाटला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी मराठी छपाईचा उद्योग आरंभला, तेव्हा छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून धार्मिक ग्रंथ छापील स्वरूपात घेण्यास लोक कचरत. गणपत कृष्णाजींनी त्यावर तुपाची शाई वापरण्याचा तोडगा काढला, असे त्या काळचे वर्णन आहे. पुढे त्याच छापखान्यांनी पंचांगे आणि पोथ्या घरोघर नेल्या. ज्या साधनाचा संशय घेतला गेला, तेच परंपरेचे वाहन ठरले.

आजही पडद्याचा सरसकट धिक्कार करणे म्हणजे तुपाच्या शाईपूर्वीच्या काळात परत जाणे होय. मात्र त्या प्रसंगातून घेण्याजोगा आणखी एक बोध आहे. समाजाने छापखाना स्वीकारला तो आपल्या अटींवर स्वीकारला. आपण काय वाचावे, हे त्याने छापखान्याला ठरवू दिले नाही. आजच्या उपकरणांच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट निसटू पाहत आहे.

ग्रंथाची निगा हा आपल्याकडे स्वतंत्र विचाराचा विषय होता. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, पानाच्या कडेला मोकळी जागा का सोडावी, ग्रंथ दीर्घकाळ टिकावा म्हणून कोणते साहित्य घ्यावे, याचा बारकाईने विचार त्यात आहे. जुन्या संस्कृत पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला विनवीत असे की, ही पोथी तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, सैल बांधणीपासून सांभाळ आणि अजाण माणसाच्या हाती देऊ नकोस. या विनवणीतील पाणी, सैल बांधणी आणि अजाण हात ही तिन्ही संकटे आजही आपल्यासमोर उभी आहेत. फक्त त्यांची रूपे बदलली आहेत.

पाण्यापासून रक्षण

पाण्याविषयी कोकणाला सांगण्याची गरज नाही. परशुराम घाट उतरला, की वाशिष्ठीच्या काठी चिपळूण लागते. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, म्हणजेच साऱ्या परिसराचे लाडके ‘लोटिस्मा’, १८६४ साली स्थापन झाले. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर त्याहूनही जुने, १८२८ सालचे. इंग्रजी अमलाच्या आरंभकाळापासून या जिल्ह्याने ग्रंथालये उभारली आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, ही अभिमानाची गोष्ट आहे.

२६ जुलै २००५ च्या महापुरात चिपळूण बुडाले आणि वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. संस्थेने उमेद सोडली नाही. अवघ्या साडेसात वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये, ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरले. नागनाथ कोत्तापल्ले त्याचे अध्यक्ष होते आणि यजमानपद याच वाचन मंदिराने भूषविले होते. पुढे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने पुन्हा शहर वेढले आणि पाणी पुन्हा ग्रंथांपर्यंत पोहोचले.

भिजलेले पुस्तक दोन दिवसांत वाळवले नाही, तर त्यावर बुरशी धरू लागते. गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटली, की ती सुटत नाहीत. ज्या आवृत्तीची दुसरी प्रत कोठेही नाही, तिचे तेवढ्या दोन दिवसांत कायमचे विसर्जन होते. अशा वेळी पडद्याचे महत्त्व ध्यानात येते. त्या ग्रंथाच्या पानांची छायाचित्रे आधीच काढून दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली असतील, तर कागद गेला तरी मजकूर उरतो. पुरापासून ग्रंथ वाचवण्याचे याहून खात्रीचे साधन आज दुसरे नाही.

पण कोकणाला दुसराही अनुभव आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. दापोली-मंडणगड भागातील कित्येक गावांत त्यानंतर दीर्घकाळ वीज आली नाही. टाळेबंदीमुळे त्याच सुमारास शाळा आणि वाचनालये बंद होती आणि अभ्यासाचा सारा भार पडद्यावर आलेला होता. वीज गेली, मनोरे पडले, आणि पडदे काळे झाले. त्या आठवड्यांत ज्या घरात पुस्तके होती, त्याच घरात वाचायला काही होते. एका आपत्तीत कागद हरतो, दुसऱ्या आपत्तीत पडदा हरतो. शहाण्या कुटुंबाने आणि शहाण्या गावाने दोन्ही राखावेत, हाच यातील व्यवहार आहे.

पडद्याचे देणे

पडद्याने जे दिले, ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य आरंभिले. १२५९ हस्तलिखितांचा उपयोग करून १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. या पाठाचे संगणकीय रूप प्रथम जपानमधील मुनेओ तोकुनागा यांनी सिद्ध केले आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ते सुधारले. एखादा शब्द महाभारतात कोठे कोठे येतो, हे पाहण्यासाठी पूर्वी काही महिने लागत. आता काही क्षण लागतात. मराठी विश्वकोशाचे वीस खंड घरात ठेवणे मध्यमवर्गीयाला अवघड. तेच आता महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून अधिकृतपणे मिळू लागली. ‘बुकगंगा’सारख्या पुण्यातील उपक्रमाने मराठी ई-पुस्तकांची बाजारपेठ उभी केली. परदेशात वाढणाऱ्या नातवाला आजीच्या आवडीचे पुस्तक त्याच दिवशी मिळू शकते, आणि मोतीबिंदूने त्रासलेल्या आजीला अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी बोलती पुस्तके आहेत.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. सारे पडदे सारखे नसतात. केवळ वाचनासाठी बनवलेल्या उपकरणात ‘ई-शाई’ असते. पडद्याच्या आत अतिसूक्ष्म कोश असतात आणि त्यांत काळे व पांढरे विद्युत्भारित कण असतात. विद्युत्क्षेत्र बदलले, की कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान तसेच राखायला वीज लागत नाही. वीज लागते ती पान पालटताना. ते पान कागदाप्रमाणे बाहेरच्या प्रकाशात वाचता येते. अशा उपकरणावर कादंबरी वाचणे आणि निरोपांची घंटी क्षणोक्षणी वाजणाऱ्या मोबाईलवर वाचणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

सैल बांधणी

लेखनिकाला ज्या सैल बांधणीचे भय वाटे, ती आज अधिक फसवी झाली आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या फाँटमध्ये टंकित होत असे, आणि प्रत्येकाची संकेतरचना वेगळी होती. त्या काळात कष्टाने टंकलेल्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, लेखसंग्रह आज नव्या संगणकावर उघडले, तर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. कित्येक मजकूर ज्या फ्लॉपी तबकड्यांवर होते, त्या वाचणारे यंत्रच आता घरात उरलेले नाही. तीनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद जाणकाराला वाचता येतो, आणि पंचवीस वर्षांपूर्वीची संगणकीय फाईल उघडत नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९०९ साली विनायक दामोदर सावरकरांच्या १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथावर इंग्रज सरकारने प्रसिद्धीपूर्वीच बंदी घातली. तरीही तो हॉलंडमध्ये छापला गेला आणि दुसऱ्याच पुस्तकांच्या नावांची वेष्टने चढवून हिंदुस्थानात पोहोचला. पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत ग्रंथकर्ता याच रत्नागिरीत स्थानबद्ध होता, आणि ग्रंथ हातोहाती फिरत होता. बंदी उठली ती १९४६ साली. साम्राज्याला प्रत जप्त करायची, तर एकेक घर झडावे लागे, आणि तेवढे हात साम्राज्यापाशीही नव्हते.

बरोबर शंभर वर्षांनी, जुलै २००९ मध्ये, अमेरिकेत ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या विकलेल्या ई-प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. त्या प्रती पुरवणाऱ्यापाशी प्रकाशनाचे हक्क नव्हते, हे त्याचे कारण होते. ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि कंपनीने पुढे क्षमाही मागितली. तथापि घराचा उंबरठा न ओलांडता घरातील पुस्तक नेता येते, हे जगाने पाहिले. ई-पुस्तक विकत घेणाऱ्याला बहुधा वाचण्याचा परवाना मिळतो. वस्तूची मालकी मिळत नाही. ते भाचीला मुंजीत वा वाढदिवसाला आपली खूण घालून देता येत नाही, वाचनालयाला दान करता येत नाही. आजोबांच्या कपाटातून नातवाच्या हाती जाणाऱ्या ग्रंथाची परंपरा या व्यवहारात खंडित होते.

वाचले, पण उमगले का?

आता वाचनाच्या गाभ्याकडे वळू. पडद्यावर वाचलेले आणि कागदावर वाचलेले सारखेच उमगते का? या प्रश्नावर अलीकडे पुष्कळ शास्त्रीय काम झाले आहे. नॉर्वेतील आन मांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध केली. त्यात कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन सरस ठरले. २०१८ साली स्पेन आणि इस्रायलच्या संशोधकांनी ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांचा समावेश होता. निष्कर्ष असे निघाले: माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, वेळेचे बंधन असले, की हा फरक वाढतो, केवळ कथात्मक मजकुरात मात्र फरक दिसत नाही. सर्वांत विचार करायला लावणारी बाब ही, की २००० ते २०१७ या काळात हा फरक कमी होत गेला नाही, वाढत गेला. पडद्यासमोर जन्मलेली पिढी पडद्यावर आपोआप चांगले वाचू लागेल, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

हे असे का व्हावे? इस्रायलमधील राकेफेत ॲकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांच्या २०११ च्या प्रयोगात याचा एक धागा सापडतो. किती वेळ वाचायचे, हे वाचकांवर सोडले, तेव्हा पडद्यावर वाचणाऱ्यांना गुण कमी मिळाले. पण आपल्याला समजले आहे, अशी त्यांची खात्री प्रत्यक्षाहून अधिक होती. समजणे वेगळे आणि समजल्यासारखे वाटणे वेगळे. लोट्यातील कोणत्याही अनुभवी पर्यवेक्षकाला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. नव्या मुलाने सूचनापत्र वाचले म्हणून सांगितले, की तो त्याच्याकडून ते वदवून घेतो. पडदा माणसाला वरवरच्या वाचनाची सवय लावतो आणि ती सवय तो गंभीर मजकुरापाशीही घेऊन जातो. दोष काचेचा कमी आहे. त्या काचेवर दिवसभर जे केले जाते, त्या सवयीचा अधिक आहे.

छापील पुस्तकाला जागा असते. अमुक विचार डाव्या पानावर खाली होता, पुस्तक अर्धे उलटल्यानंतर होता, ही आठवण बोटांना आणि डोळ्यांना राहते. पडद्यावरून सरकणाऱ्या मजकुराला असा ठाव नसतो. पोथीची पाने उलटून पालथी ठेवणाऱ्या आजोबांना किती झाले आणि किती उरले, हे न मोजता कळत असे. आकलनाला या साध्या आधाराचीही गरज असते.

घराचा दिवा

शेवटचे संकट अजाण हातांचे. मूल अजाण असते, यात त्याचा दोष नाही. जाणत्यांनीच त्याच्या हाती साधन दिले आणि रीत दिली नाही, तर दोष जाणत्यांचा. बॉस्टनमधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बारा जणांनी झोपण्यापूर्वी काही रात्री प्रकाशमान पडद्यावर आणि काही रात्री छापील पुस्तकात वाचन केले. पडद्याच्या रात्री झोप आणणाऱ्या मेलाटोनिन संप्रेरकाचे प्रमाण घटले, झोप उशिरा लागली आणि सकाळची तरतरी कमी झाली. प्रयोग लहान आहे, पण घरोघरी येणाऱ्या अनुभवाशी तो जुळतो. स्वीडनसारख्या प्रगत देशाने शाळांत उपकरणे आधी उत्साहाने आणली आणि २०२३ साली छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा मोठा निधी दिला. ज्यांनी पुढे धाव घेतली, तेच थांबून मागे पाहत आहेत. त्यांच्या अनुभवाचा लाभ आपल्याला आयताच मिळतो आहे.

तरीही मुलाला “मोबाईल ठेव” असे सांगणारा पिता स्वतः मोबाईलवरूनच डोळे न उचलता ते सांगत असेल, तर त्या आज्ञेला वजन येत नाही. घरात वाचणारी माणसे दिसली, की मूल वाचते. संध्याकाळी देवापाशी दिवा लागल्यानंतरचा अर्धा तास सर्वांचे मोबाईल एका जागी ठेवून छापील वाचनाला द्यावा. एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे, मग मुलाने ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावे. ‘समजल्यासारखे वाटण्या’वरचा हा घरगुती उपाय आहे. कारखान्याच्या फाटकाशी जे शिस्तीने पाळले जाते, ते घराच्या उंबरठ्याशी अर्धा तास पाळणे अशक्य नाही.

करण्यासारखे

विचार पटला, तर तो कृतीत उतरावा. गावपातळीवर चार कामे सहज होण्याजोगी आहेत.

पहिले, जतनाचे. कोकणातील जुन्या घरांच्या माळ्यांवर मोडी कागद, कीर्तनाची बाडे, देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या, शतकापूर्वीची मासिके पडून आहेत. दर पावसाळ्यात ओल, वाळवी आणि कसर त्यांचा घास घेते. तरुणांच्या हातातील मोबाईल येथे उत्तम सेवक ठरेल. मालकाच्या संमतीने, स्वच्छ प्रकाशात, पानामागून पान छायाचित्रे घ्यावीत. त्यांना नाव, गाव आणि तारीख द्यावी. तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक पूररेषेपासून दूर असावी. नवा मजकूर टंकायचा तो युनिकोडमध्येच.

दुसरे, वाचनालयाचे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगावी वाचनालयांचे जाळे विणले गेले. ते सरकारी अनुदानावर कसेबसे तगते. खऱ्या अर्थाने जगते ते सभासदांवर. प्रत्येक कुटुंबाने जवळच्या वाचनालयाची वर्गणी भरावी आणि आठवड्यातून एकदा मुलाला हाताला धरून तेथे न्यावे.

तिसरे, पुस्तक दारी नेण्याचे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेने २००९ पासून विनायक रानडे यांच्या पुढाकाराने पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांपर्यंत नेल्या. परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंतही त्या पोहोचल्या. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ उभे आहे; तेथे गावकऱ्यांच्या घरांतच वाचनाची दालने आहेत. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या लोट्यातील वसाहतींत पुस्तकांची एक पेटी दहा घरांत फिरवणे मुळीच कठीण नाही. रात्रपाळी करून आलेल्यालाही ती सोयीच्या वेळी उघडता येईल.

चौथे, सचोटीचे. हयात लेखकांची पुस्तके पीडीएफ करून समूहांमधून फुकट वाटणे हे अनेकांना ज्ञानदान वाटते. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या कृतीवर हक्क राहतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजारभर प्रतींचीच असते. अशा फुकटच्या वाटपाने त्यातील शंभर-दोनशे प्रती अडल्या, तर प्रकाशक पुढील पुस्तकाला हात आखडतो. ज्या भाषेचा आपण अभिमान सांगतो, तिच्या लेखकाचे वेतन बुडवणे त्या अभिमानाशी विसंगत आहे. हक्क संपलेली जुनी पुस्तके अवश्य वाटावीत. हयात लेखकाचे पुस्तक विकत घ्यावे, मग ते कागदावरचे असो वा पडद्यावरचे.

संदर्भ शोधावा पडद्यावर, दुर्मीळ ते साठवावे पडद्यावर, प्रवासातील आणि दूरदेशीची गरज भागवावी पडद्यावर. जे समजून घ्यायचे आहे, मुलांच्या मनात रुजवायचे आहे आणि पुढल्या पिढीच्या हाती सोपवायचे आहे, त्यासाठी छापील ग्रंथ घरात असावा. काण्यांचे पाच खंड खिशात आहेत, हे या गावाचे भाग्य. त्या खंडांची शंभर पाने सलग वाचून त्यावर बोलू शकेल असा एक मुलगा, एक मुलगी या पंचक्रोशीत दर वर्षी तयार व्हावी. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी माळ्यावरचे एक बाड खाली उतरावे, आणि आज संध्याकाळी दिवा लागल्यावर घरातील एक पुस्तक उघडावे. आरंभाला एवढे पुरेसे आहे.